अण्णा गाणं शिकतात म्हणे!

कोण म्हणालं तुम्हाला? दूधवाला? वाटलंच मला. अहो वहिनी, त्या माणसाला महिन्याचा हिशेब धड लागत नाही, पण कुणाच्या घरात काय चाललंय ते बरोबर कळतं. 'अण्णांनी या वयात गाणं शिकायला बाई ठेवलीये' – असंच सांगितलं ना? वर डोळाही मिचकावला असेल मेल्यानं. जरा इकडे सरका, पेरूच्या बाजूला. तिथे बोगनवेलीचे काटे लागतील, आणि इथून बोललं की अण्णा-माईंच्या खिडकीत ऐकू जात नाही.

गाणं नाही हो शिकत अण्णा. पाणी मागायला शिकतायत.

हसू नका, खरंच सांगते. आणि ती स्कूटरवाली 'बाई' म्हणजे आमच्या नणंदेची धाकटी लेक. गेल्या दिवाळीत आली होती नाही का, तुम्ही तिला अनारसे दिले होते? तीच. स्पीच थेरपिस्ट आहे. बारावीनंतर चार वर्षांचा कोर्स, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. मुंबईला नायर हॉस्पिटलच्या कॉलेजात शिकली. आपल्या देशात या विषयाचं शिक्षण जिथे आधी सुरू झालं त्यातलंच ते कॉलेज, साठच्या दशकातलं. त्याच सुमाराला म्हैसूरलाही सरकारची मोठी संस्था निघाली. वांद्र्याची अली यावर जंग संस्था नंतरची, 1983 सालची. एवढं जुनं शिक्षण, पण आमच्या नणंदेला काही केल्या ते समजावून सांगता येईना. स्थळं बघायची वेळ आली तेव्हा सांगायची, 'डॉक्टरकीसारखंच आहे, फक्त औषध देत नाही.' पलीकडचे विचारायचे, 'मग काय देते?' की ही गप्प.

आता इथे साताऱ्यात दवाखाना टाकलाय तिनं आणि राहते आमच्याकडे. पण एक सांगून ठेवते, पेशंटबद्दल ती चकार शब्द काढत नाही. मी चहा देऊन, लाडीगोडी लावून पाहिली, पोरगी तोंड उघडत नाही. हे सगळं मला माईंनी सांगितलंय, आणि थोडं मी डबा घेऊन गेले तेव्हा डोळ्यांनी पाहिलंय.

तर त्याचं असं झालं. अण्णांना तो झटका आला ना, तेव्हा सकाळी उठले आणि उजवा हात उचलेना, तोंड वाकडं. माईंना वाटलं पित्त. आल्या-लिंबाचं चाटण दिलं. त्यात वेळ गेला. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं म्हणे, आणि तेही जितकं लवकर तितकं बरं. ती वेळ टळली. जीव वाचला, पाय सुधारला, पण वाचा गेली. आणि कुणाची गेली बघा! एसटीत वाहतूक नियंत्रक होता तो माणूस. सातारा स्टँडवर माइकवर गाड्या पुकारायचा. आपण लहान मुलं घेऊन माहेरी जायला उभ्या असायचो, तेव्हा तो खणखणीत आवाज यायचा ना, 'फलाट क्रमांक...' तो अण्णांचाच.

हं, तर हॉस्पिटलात आमची भाची पहिल्यांदा गेली ती बोलायला शिकवायला गेलीच नाही. गिळता येतंय का ते बघायला गेली. मलाही तेव्हाच कळलं की हे तिचं काम. ज्या स्नायूंनी आपण बोलतो त्यांनीच गिळतो, आणि झटक्यात ते लुळे पडले की घास अन्ननलिकेत जायचा तो श्वासनलिकेत जातो. तिकडून फुप्फुसात, मग न्यूमोनिया. झटक्यातून वाचलेली माणसं या न्यूमोनियानं जातात, वहिनी. आणि आपल्याकडे काय होतं? माणूस शुद्धीवर आला की जो तो चमचा घेऊन पुढे. तीर्थ, गंगाजल, नारळपाणी, चमचाभर चहा. प्रेमच ते, पण आडवा झोपलेला माणूस आणि त्याच्या तोंडात पाणी! त्या पोरीनं दारावर कागद लावला, 'विचारल्याशिवाय तोंडातून काहीही देऊ नये'. अण्णांची थोरली बहीण आली होती पंढरपूरहून, तिनं तो कागद वाचला आणि म्हणाली, तीर्थाला कसलं विचारायचं? मग जुंपली.

आपल्याला वाटतं ना, पातळ गोष्ट गिळायला सोपी? उलटंच आहे. पाणी आणि चहा सगळ्यात अवघड. तोंडात गेलं की सरसर धावतं, घसा मिटायच्या आत खाली पोचतं. पेज, अंबील असं दाटसर असलं की सावकाश उतरतं. म्हणून अण्णांना आधी पाणीसुद्धा पावडर घालून दाट करून द्यायचे. ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली, एका वेळी छोटा घोट, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हे अण्णांचं झालं हं. प्रत्येकाचं वेगळं असतं, तपासून ठरवावं लागतं. तुमच्या सासूबाईंवर प्रयोग करू नका लगेच. आणि मला एक नवीनच कळलं. ज्याला ठसका लागतो तो त्यातल्या त्यात बरा. काही जणांना ठसकाच लागत नाही, चुकीच्या नळीत गेलेलं कळतच नाही, बाहेरून सगळं आलबेल. म्हणून ती घोट दिला की 'आ' म्हणायला लावायची आणि आवाज ओला, घरघरीत येतो का ते ऐकायची. मी शेजारी उभी राहून कान देऊन ऐकलं, मला काही वेगळं ऐकू आलं नाही. तिला आलं.

बोलण्याचं सांगते ना, घाई का करता? कुकरची शिट्टी माझ्याकडची आहे, होऊ दे अजून दोन.

बोलणं म्हणजे अण्णांना सगळं समजतं. पेपरातला मथळा दाखवला की चेहऱ्यावर बरोबर राग येतो. पण शब्द निघत नाही, निघाला तर भलताच. चष्मा हवा असला की 'चमचा' म्हणायचे. माई बिचाऱ्या धावत जाऊन चमचा आणायच्या, अण्णा तो फेकायचे, माई रडायच्या. घरात चमच्यावरून महाभारत. आणि गंमत अशी की रामरक्षा अथपासून इतिपर्यंत म्हणतात! अडखळत नाहीत. एक ते वीस आकडे म्हणतात. शिव्या तर विचारू नका. माई म्हणाल्या, 'अगं, हे नाटक करतात का? रामरक्षा येते आणि पाणी येत नाही?'

नाटक नाही. वर्षानुवर्षं घोकून पाठ झालेलं एका वाटेनं येतं, आणि आत्ता मनात आलं ते शब्दात मांडायचं दुसऱ्या वाटेनं. ही दुसरी वाट बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला. ती बंद पडली की पाठ केलेलं उरतं, सूर उरतो, शिवी उरते. फ्रान्समध्ये ब्रोका म्हणून एक सर्जन होता. त्याच्याकडे 1861 साली एक पेशंट आला, तो एकवीस वर्षं हॉस्पिटलात होता. काहीही विचारा, उत्तर एकच, 'टॅन, टॅन'. चिडला की मात्र एक शिवी स्पष्ट यायची. तो वारल्यावर ब्रोकानं मेंदू पाहिला, तर डाव्या बाजूला पुढे खड्डा. तेव्हापासून मेंदूच्या त्या भागाला ब्रोकाचं नाव. तो मेंदू अजून पॅरिसमध्ये जपून ठेवलाय. हो, मास्तरीण आहे मी, सन सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आता दूधवाल्याचं गाणं. ऐका. मी डबा घेऊन गेले त्या दिवशी भाची अण्णांच्या डाव्या हाताला बसली होती. त्यांचा डावा पंजा आपल्या हातात धरून टेबलावर ठोकत होती. एक ठोका वरच्या सुरात 'पाऽ', दुसरा खालच्या सुरात 'णी'. आधी नुसतं गुणगुणली. मग दोघं मिळून. मग ती मध्येच आवाज बारीक करत करत गप्प झाली, अण्णा एकटेच पुढे गेले. 'पाऽणी'. बॉस्टनच्या तिघा जणांनी 1973 साली ही पद्धत मांडली. बोलता न येणाऱ्याला गाता येतं, तर त्या सुराला धरून बोलणं ओढून काढायचं. सगळ्यांना लागू पडते असं नाही. ज्याला समजतं पण तोंडातून फुटत नाही अशाला पडली तर पडते, आणि तेही रोज, महिनोन्महिने. शेवटी सूर काढून टाकायचा असतो. अण्णांनी जन्मभर गाऊन पाणी मागावं असा काही बेत नाहीये.

मग तिनं विचारलं, 'अण्णा, काय हवंय?' आणि थांबली. वहिनी, तुम्हाला सांगते, इतकं लांबलचक थांबणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. अण्णांचे ओठ जुळले, सुटले, मान हलली, कपाळावर घाम. माझ्या तोंडातून 'पाणी' निसटणारच होतं, तर त्या कार्टीनं माझ्याकडे न बघता नुसता हात वर केला. ट्रॅफिक हवालदार करतो तसा. मी गप्प. अण्णा म्हणाले, 'पा... पावती!' आणि स्वतःच मान हलवली, नाही नाही. चुकलं ते त्यांना कळतं, हेच तर दुखणं आहे. तरी ती बोलली नाही. पंजा फक्त एकदा ठोकला. 'पा... णी.' तिनं लगेच पेला पुढे केला. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. पाणी मागितलं, पाणी मिळालं. मी नंतर म्हटलं, अगं कौतुक तरी करायचंस! तर म्हणाली, मामी, ते सातारा स्टँडचे कंट्रोलर आहेत, बालवाडीत नाहीत.

आणि खरं काम पुढे आहे. मला वाटलं होतं ती अण्णांना शिकवते. अण्णांना थोडं शिकवते, जास्त माईंना आणि मुलाला शिकवते. मुलगा पुण्याहून शनिवारी येतो, दारातूनच ओरडतो, 'अण्णाऽ, कसंय? बरंय ना? जेवलात? छान!' प्रश्न त्याचे, उत्तरंही त्याचीच. अण्णा बहिरे नाहीत, पण सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतात, नाहीतर लाडे लाडे, 'आमचे अण्णा आज शहाणे झालेत.' तिनं सगळ्यांना बसवून नियम सांगितले. टीव्ही बंद करून बोलायचं. समोर बसून, एका वेळी एक गोष्ट. जमेल तिथे 'हो-नाही'चा प्रश्न. विचारलं की मनात दहा अंक मोजायचे आणि तोवर तोंड मिटून ठेवायचं. त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. माईंना हे दहा अंक काही जमेनात. पन्नास वर्षांचा संसार, नवऱ्यानं तोंड उघडायच्या आत काय हवं ते कळतं त्यांना. कळतं म्हणून तर अण्णांना बोलायची गरजच उरली नाही, हे त्यांच्या गळी उतरवायला तिला फार वेळ लागला. आपणच चमचा पुढे करायचा आणि आपणच म्हणायचं, की हा बोलत नाही.

तुम्ही काहीतरी म्हणत होतात का? नाही? बरं.

चित्रांचा तक्ताही केलाय. पाणी, चहा, संडास, दुखतंय, टीव्ही, मुलगा. बोट ठेवायचं. मोबाइलवरही असतं तसं, आयआयटी मुंबईच्या लोकांनी 'जेलो' म्हणून ॲप केलंय, चित्र दाबलं की मराठीत बोलतं. माईंना धास्ती, चित्रं दाखवायची सवय लागली की बोलायचं सोडून देतील. तसं होत नाही. उलट चिडचिड कमी झाली की शब्द जास्त सुटतात. ते 'संडास'चं चित्र आल्यापासून घरातली अर्धी भांडणं मिटली, हे माईच म्हणाल्या.

पण सगळ्यात मजा झाली ती गाड्यांची. भाचीनं अण्णांची माहिती लिहून घेताना नोकरीबद्दल खोदून खोदून विचारलं होतं. मग एक दिवस स्टँडवर जाऊन वेळापत्रकाचा फोटो काढून आणला. अण्णांपुढे ठेवला, बोट ठेवलं आणि म्हणाली, 'सातारा-स्वारगेट...' आणि थांबली. अण्णा म्हणाले, 'विनाथांबा!' वहिनी, स्पष्ट. खणखणीत. 'सातारा-महाबळेश्वर...' 'मेढा मार्गे!' माई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आल्या. आता आपल्याला वाटणार त्या रडल्या वगैरे. छे! कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, 'मेढा येतं आणि माझं नाव येत नाही होय?' भाची म्हणाली, माई, ते तुम्हाला काय हाक मारायचे? तर माई लाजल्या. जन्मात कधी नावानं हाक मारलीये का त्या पिढीनं? 'अगं'च म्हणायचे. आणि 'अगं' तर अण्णांना पहिल्या दिवसापासून येत होतं! नाव घेतलं असेल ते लग्नात उखाण्यापुरतं. जे आधीच नव्हतं ते जाणार कुठून?

सुधारणा भराभर होते ती पहिल्या काही महिन्यांत, पुढे हळूहळू, पण होत राहते. पूर्वीसारखे बोलतील का? तिनं तसं वचन दिलेलं नाही. माईंना तेच टोचतं. त्यांना तारीख हवीये.

समोरच्या आजींचं कळलं का तुम्हाला? त्यांचा नातू हो. अडीच वर्षांचा झाला, 'मम' आणि 'टाटा' सोडून काही बोलत नाही. आजी म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, याचा बाप चार वर्षांनी बोलला. आता तो बाप पुण्यात आयटीत एवढा पगार घेतो, त्यामुळे या युक्तिवादावर कुणी बोलू शकत नाही. पण साधारण वर्षाचं मूल पहिला शब्द काढतं, दोन वर्षांचं दोन शब्द जोडतं, 'बाबा ये', 'दूध नको'. तेवढं होत नसेल तर दाखवावं, वाट बघण्यात काही कमाई नाही. आजींनी आपल्या परीनं सगळं केलंय, जिभेला मध-वेखंड चोळलं, देवीला नवस बोलल्या. जिभेचा दोष नसतानाही 'जिभेखालची शीर कापा' म्हणणारे दोन भेटले. तान्ह्या बाळाला तर मध मुळीच देऊ नये, वर्षाच्या आत फार घातक ठरू शकतो.

भाचीनं आधी काय सांगितलं असेल? बोलण्याचं नंतर, आधी कान तपासून आणा. आजी उखडल्या. 'पाठीमागे थाळी वाजवली, गर्रकन वळला!' अहो, थाळीचा आवाज म्हणजे काय, बहिऱ्याच्यासुद्धा अंगाला हादरा बसतो. काही मुलांना जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. 'स', 'श', 'फ' त्यांच्यासाठी नसतातच. म्हणून बेरा म्हणून तपासणी करतात, मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून. खरं तर जन्मल्या जन्मल्याच कान तपासायला हवेत, दोन मिनिटांचं काम. आणि ऐकू येत नाही असं निघालं तर लवकर यंत्र, नाहीतर कॉक्लिअर इम्प्लांट. त्याला सरकारी योजनाही आहे. पण ऑपरेशन झालं म्हणजे मूल दुसऱ्या दिवशी बोलायला लागतं असं नाही. ऐकायला शिकवावं लागतं, वर्षानुवर्षं, आणि ते काम परत या पोरींचं.

याचे कान चांगले निघाले, देवाची कृपा. नावानं हाक मारली की वळतो, हवं ते बोटानं दाखवतो, डोळ्याला डोळा देतो. हे सगळं ती लिहून घेत होती, कारण ते नसतं तर गोष्ट वेगळी झाली असती. मग घरात काय चालतं ते विचारलं. तर सकाळी मोबाइल, जेवताना मोबाइल, झोपताना मोबाइल. आणि आईबापाचा हुकूम, शाळा इंग्रजी माध्यमाची आहे तर घरात इंग्रजीच बोला. वहिनी, तुम्ही आजींचं इंग्रजी ऐकलंय का? 'बाळा, कम, बनाना खा. नो नो, डोंट थ्रो, खाली सांडतं!' दिवसभर एवढंच. जी बाई आपल्याशी भिंतीवरून दोन-दोन तास बोलते, ती नातवाशी तीन शब्दांत बोलते! पोराला भाषा ऐकू यायची कुठून?

भाचीनं सांगितलं, आजी, तुम्ही मराठीतच बोला. भरपूर बोला. दोन भाषांनी मूल मागे पडत नाही, पण घरच्यांनी आपली भाषा सोडून मोडकी भाषा बोलली तर त्याच्या वाट्याला कमी येतं. आणि मोबाइलच्या जागी आपडी थापडी खेळा. खेळताना मध्येच थांबा. हात वर धरून ठेवा आणि त्याच्याकडे बघत राहा. पुढचं त्यानं करायचं. आवाज काढला तरी चालेल, हात ओढला तरी चालेल. आजी आल्या तणतणत, 'आपडी थापडी सांगायला पैसे घेते तुमची भाची! मी फुकट सांगते सगळ्या आळीला.' पण खेळतायत हं. काल खिडकीतून ऐकलं, त्या थांबल्या होत्या आणि पोरगा ओरडत होता, 'अजू! अजू!' अजून म्हणायचंय त्याला. 'न' येईल हळूहळू. 'र' तर आणखी उशिरा येतो, आणि 'ळ'ला तर आपल्यातल्या कित्येकांनी साठीपर्यंत धरलेलं नाही.

पैशांवरून आठवलं. 'नुसतं गप्पा मारायचे एवढे?' असं तुमचे हे म्हणाले म्हणे. हो, कळतं मला सगळं. मग तुम्हाला-मला आत्तापर्यंत बंगले बांधता आले असते! विनोद राहू द्या. फी देताना एक मात्र पाहावं, पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का. 1992 च्या कायद्यानं ती लागते, भिंतीवर नंबर लावलेला असतो. 'तोतरेपणावर एकवीस दिवसांत खात्रीशीर इलाज' असल्या पाट्या बघितल्यात ना तुम्ही एसटीच्या मागे? तिथे नंबर विचारा.

आपल्या इस्त्रीवाल्याचा मुलगा गेला होता अशाच एकाकडे. तोंडात गोट्या धरून बोलायला लावलं. एक गिळता गिळता राहिला. तो अडखळतो ते घाबरून नाही, कुणाची नक्कल करून नाही, लहानपणी बापानं मारलं म्हणूनही नाही. मेंदूत बोलण्याची जुळणीच जरा वेगळी असते, घराण्यातूनही येते. शंभर मुलांत पाच जण कधी ना कधी अडखळतात, बरीचशी आपोआप सुटतात, मोठेपणी शंभरात एक उरतो, आणि त्यात पुरुष बायकांच्या चौपट. इंग्लंडचा सहावा जॉर्ज अडखळायचा. राजा व्हायच्या कितीतरी आधी, 1926 साली, लायनेल लोग नावाच्या ऑस्ट्रेलियनाकडे गेला. त्याच्याकडे कसली पदवी नव्हती, नाटकासारखं बोलणं शिकवणारा माणूस तो. पण राजाच्या कित्येक भाषणांना शेजारी उभा. मी हे इस्त्रीवाल्याच्या मुलाला सांगितलं, तर म्हणाला, 'का-का-काकू, राजाला कोण म्हणतं, लवकर बोल, गिऱ्हाईक खोळंबलंय?' बरोबर आहे त्याचं. आपणच म्हणतो, 'सावकाश, श्वास घे', आणि घड्याळाकडे बघतो.

माझंही झालंय भाचीकडे, तुम्हाला ठाऊक नाही. निवृत्तीच्या आधी माझा आवाज बसला होता ना? एकेका वर्गात साठ-सत्तर पोरं, शेजारी रस्ता, वर पत्रा. ओरडून ओरडून स्वरतंतूंवर गाठी आल्या. कॅन्सर नव्हे हो, पायाला घट्टे पडतात तशा. कानाघशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून दाखवल्या. शिक्षक, कीर्तनकार, भाजीवाले, सगळ्यांना होतात. मी आपली खाकरून घसा साफ करायची आणि कुजबुजून बोलायची, आवाजाला विश्रांती म्हणून. तर भाची म्हणाली, तेच दोन्ही बंद करा. खाकरलं की गाठी एकमेकींवर आपटतात, आणि कुजबुजण्यानंही ताण पडतो. त्यापेक्षा गप्प बसा. बसले मी गप्प. तुम्हा सगळ्यांना वाटलं आमच्यात अबोला आहे! तुम्ही तर यांना येऊन समजावूनही गेलात, 'भाऊजी, बायकांचं मन सांभाळावं लागतं.' यांनी महिनाभर त्या शांततेचा आनंद घेतला आणि तुम्हाला काही बोलले नाहीत.

मशेरीचं तुमच्या कामवालीला सांगा जरा, घशाकडे बघ म्हणावं. माईंच्या चुलत दिरांचं स्वरयंत्र काढलं तंबाखूपायी. गळ्याला भोक, श्वास तिथून. आता एक छोटी झडप बसवलीये, भोकावर बोट ठेवून बोलतात. परदेशी झडपेला हजारो रुपये पडतात. बंगळुरूच्या डॉक्टर विशाल राव यांनी पन्नासेक रुपयांची 'ओम' नावाची केली, ती बातमी मी तुम्हाला पेपरात दाखवली होती. झडप स्वस्त झाली, पण तिच्यातून बोलायचं कसं ते शिकवायला माणूस लागतोच. आणि अशी माणसं पुण्या-मुंबईत गोळा झालेली. जावळीतल्या, पाटणच्या कोपऱ्यातल्या माणसानं आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासासाठी एसटीनं यायचं म्हणजे मजुरी बुडवायची. दोन-चार फेऱ्या करतात आणि थांबतात. त्यावर ही पोरगी फार जळफळते. आता फोनवर व्हिडिओ लावून शिकवते, रेंज असली तर.

अगंबाई, चार शिट्ट्या झाल्या! थांबा, कामाचं राहिलंच, ज्यासाठी तुम्हाला हाक मारली. अण्णांना आता घरच्यांपलीकडे बोलायला माणसं हवीत, असं भाचीचं म्हणणं. रविवारी चार वाजता आपण दोघी, तुमचे हे आणि एसटीतले त्यांचे एक जुने कंडक्टर, असे चौघंच जमायचं. ओसरीवर. तुमचे हे राजकारण काढणार, काढू देत, अण्णांना आवडतं. फक्त एका वेळी एकानं बोलायचं. आणि तुम्ही खायला आणणार म्हणालात तर भजी नकोत, चिवडा नको, कोरडं भुरभुरीत काही चालत नाही त्यांना अजून. मऊ सांजा करा, तूप जरा सढळ, आणि शेंगदाणे अजिबात घालू नका. काजू पण नाही. हो, माहितीये तुमचा सांजा काजूशिवाय होत नाही, पण आपल्या वाटीत वरून घेऊ.